एकोणसाठ मिनिटांचा बॅनर

जयवंत घाडीगावकर पळायला लागला तो साखरेमुळे. डॉक्टरांनी रिपोर्ट वाचला, चष्म्यावरून त्याच्याकडे बघितलं आणि रोज सकाळी चालायला सांगितलं. आता चालायला सांगितलेल्या माणसाने पळायचं कारण काय, असं कोणी विचारेल; पण असं विचारणारा काळाचौकीत राहत नसणार. काळाचौकीत सकाळच्या वेळी माणसाला चालता येत नाही. दूध घेऊन येणारा थांबवतो, पेपर टाकणारा थांबवतो, आणि मंडळाच्या ओट्यावर बसलेले तर थांबवण्यासाठीच बसलेले असतात. 'काय जयवंतशेठ, आज लवकर?' इथून निघालेलं बोलणं चाळीच्या पुनर्विकासाला जाऊन भिडलं की त्या दिवसाचं चालणं संपलं. पळणाऱ्या माणसाला मात्र कोणी थांबवत नाही. फार तर मागे कोण लागलंय म्हणून चार जण वळून बघतात. जयवंतने आठवडाभर अनुभव घेतला आणि बावन्नाव्या वर्षी तो पळायला लागला.

घरात याचं कौतुक झालं असं नाही. त्याची बायको सीमा हिने फक्त जुने बूट बदलायला लावले. त्याची आई शेवंतीबाई तिसऱ्या मजल्यावरच्या गॅलरीत खुर्ची टाकून बसलेल्या असत. ऐंशी उलटलेल्या, कानाने जरा कमी, पण नजर अशी की खालच्या नळावर कोणी कुणाच्या हंड्याच्या पुढे हंडा लावला ते वरून सांगतील. घामाने निथळत वर आलेल्या मुलाला त्यांनी पहिल्याच दिवशी विचारलं, "तुझ्या पाठी कोण लागलो हा काय रे?"

शेवंतीबाईंचं आपल्या मुलाबद्दल एक ठाम मत होतं, आणि ते त्या आल्या-गेल्याला चहाबरोबर सांगत. जयवंत कधी वेळेवर येत नाही. जन्माला येतानाच तो पंधरा दिवस उशिरा आला, सुईण दोनदा येऊन परत गेली. शाळेत जन-गण-मन संपल्यावर पोचायचा. स्वतःच्या लग्नात रुमाल विसरला म्हणून परत घरी गेला आणि अंतरपाट धरणाऱ्यांचे हात भरून आले. कचेरीतली बढतीसुद्धा बरोबरीच्या सगळ्यांना मिळून गेल्यावर त्याला मिळाली. यातलं एकही खोटं नव्हतं, आणि म्हणूनच जयवंतला ते ऐकवत नसे.

दुसरं ठाम मत स्वतःबद्दल होतं. गुडघे गेल्यापासून त्या दोन वर्षं जिना उतरलेल्या नव्हत्या. चाळीला लिफ्ट नाही. मंडळाची पोरं कितीदा म्हणाली, आजी, खुर्चीत बसा, चौघं मिळून अलगद खाली नेतो. जयवंत तर हात जोडून सांगे. शेवंतीबाईंचं उत्तर ठरलेलं असे.

"चौघांनी उचलून नेवचा ता एकदाच. तेव्हा माका इचारूक येव नकात."

गेल्या दोन गणपतींना त्यांनी गॅलरीतूनच हात जोडले. विसर्जनाला निघताना पोरांनी मूर्ती क्षणभर चाळीकडे वळवून धरली, तेवढंच त्यांचं दर्शन. तळमजल्यावर राहणारी त्यांची मैत्रीण गंगुबाई. तिचेही पाय गेलेले. एक खाली, एक वर, आणि निरोप पोरांकरवी. जयवंतला हे रोज दिसे आणि रोज लागे.

तर जयवंत पळत होता, साखर उतरत होती, आणि गोष्ट इथेच संपली असती. पण एका सोमवारी परळच्या कचेरीत तो प्रितीला बोलून गेला की काल मी दादरला जाऊन परत आलो, पळत. प्रिती त्याच्या विभागातली तरुण मुलगी. वीकेंडला एकवीस किलोमीटर पळते आणि सोमवारी जिना उतरताना कठडा धरते. तिने डोळे मोठे केले आणि विचारलं, "सर, टायमिंग काय?"

"सकाळी साडेपाच," जयवंत म्हणाला.

प्रिती चांगल्या घरची मुलगी, हसली नाही. तिने त्याला नीट समजावलं. पळणाऱ्यांत तुम्ही कधी निघालात याला किंमत नसते, किती वेळात पोचलात याला असते. दहा किलोमीटर एका तासाच्या आत पळलात तर लोक तुम्हाला रनर म्हणतात. त्याच्यावर गेलात तर त्याला फन रन म्हणतात. जयवंतने विचारलं, आणि एक तास एक मिनिट लागलं तर? प्रितीने जरा विचार केला आणि म्हणाली, "तेही छानच आहे, सर." त्यातला 'तेही' जयवंतच्या जिव्हारी लागला. सहा महिने घाम गाळून, शेंगदाण्याची चिक्की सोडून, आपण जे करत होतो त्याला फन म्हणतात हे त्याला पहिल्यांदाच कळत होतं.

त्याने घरी येऊन हिशेब केला. सीमा मोबाइल घेऊन सकाळी दाराशी उभी राहू लागली. पहिल्यांदा दहा किलोमीटरला एक तास वीस मिनिटं लागली, दिवाळीपर्यंत एक तास दहा, आणि डिसेंबरच्या थंडीत एक तास चार. तेव्हा जयवंतने जानेवारीतल्या दहा किलोमीटरच्या शर्यतीत नाव घातलं. शिवाजी पार्कवरून सुटायचं, दादर टीटी, परळ करत आंबेडकर रोडने लालबागपर्यंत यायचं आणि तिथून वळून परत शिवाजी पार्क. आपल्याच नाक्यावरून जाणारी शर्यत. एका तासाच्या आत, असं तो मनाशी म्हणाला. एकदा तरी आईला म्हणता आलं पाहिजे की बघ, आधी पोचलो.

मनाशी म्हटलेलं मनात राहिलं तर ती चाळ कसली! सीमा शेजारणीकडे बोलली, आणि दुसऱ्या दिवसापासून सल्ले सुरू झाले. कोणी म्हणालं फक्त नाकाने श्वास घे, कोणी म्हणालं तोंडात लवंग धर, एकाने तर बूट काढून पळ म्हणजे वजन कमी होईल असं सांगितलं. तळमजल्यावरच्या गुरवकाकांना मात्र या सगळ्या प्रकरणाचाच राग आला. एका तासात आटोपणार? एवढं नाव घातलं, बनियनवर नंबर लावला, आणि एकच तास? काकांचं सगळं आयुष्य भजनात गेलेलं. भजन रात्रभर चाललं तर लोक नाव काढतात, तासात उरकलं तर काढत नाहीत. दोन तास तरी पळ, आमची मान खाली घालू नकोस, असं त्यांनी जयवंतला बजावलं. वेळ कमी लागणं हीच यातली गंमत आहे हे त्यांना पटवायला जयवंतने एक संध्याकाळ घालवली, आणि शेवटी काका म्हणाले की तुला झेपत नसेल तर तसं सांग.

मग हितेंद्र आला. हितेंद्र मंडळाचा सेक्रेटरी. ज्या रविवारी कार्यक्रम नसेल तो रविवार त्याला अंगावर येतो. शर्यत रविवारी सकाळी, संध्याकाळी मंडळाचं हळदीकुंकू, नगरसेवक येणार, मांडव उभा असणार. मग त्याच मांडवात जयवंतदादांचा सत्कार का नको? जयवंत म्हणाला, अरे, आधी पळू तर दे. हितेंद्र म्हणाला, दादा, तुम्ही पळायचं बघा, बाकीचं मी बघतो. मुंबईत ज्याने ज्याने हे वाक्य ऐकलंय त्याला पुढचं सांगायला नको.

सत्कार म्हटला की बॅनर आला, आणि बॅनर म्हटला की परवानगी. परवानगीच्या खिडकीवर हितेंद्रला सांगण्यात आलं की अर्जाबरोबर बॅनरवरचा मजकूर जोडा, मंजूर झालेल्या मजकुरात नंतर काना-मात्रासुद्धा बदलता येणार नाही, आणि अर्ज दहा दिवस आधी द्या. हितेंद्रने अदबीने विचारलं की साहेब, शर्यत व्हायचीय, टाइम कुठून लिहू? साहेब म्हणाले, शर्यत व्हायची असेल तर अभिनंदन कसलं करताय? मग अर्ज शुभेच्छांचा करा. पण शुभेच्छांचा बॅनर शर्यतीनंतर संध्याकाळी ठेवता येणार नव्हता. शेवटी असं ठरलं की अभिनंदनाचाच अर्ज द्यायचा आणि टाइम आत्ताच ठरवून टाकायचा.

त्यासाठी मंडळाच्या कार्यालयात मीटिंग भरली. जयवंतला सन्मानाने खुर्ची दिली गेली आणि मग त्याच्याकडे कोणी लक्ष दिलं नाही. एकाने सुचवलं, 'विक्रमी वेळेत' असं घाला, आकडाच नको. हे सगळ्यांना पटत आलं होतं, पण कोपऱ्यातून कोणीतरी आठवण करून दिली की गेल्या वर्षी बारावीच्या एका मुलाला 'घवघवीत यश' घातलं होतं आणि अख्ख्या काळाचौकीने ओळखलं की जेमतेम सुटला असणार. आकडा पाहिजेच. 'एक तास' घालू म्हटलं तर ते ठोकून दिल्यासारखं वाटतं. गुरवकाका दोन तासांवर अडून बसले. शेवटी चपलांच्या दुकानात लावतात तसा एक कमी आकडा काढला, एकोणसाठ मिनिटं, आणि सगळे जयवंतकडे बघू लागले.

जयवंतने तिथेच नाही म्हणायला हवं होतं. पण बॅनर कुठे लागणार ते त्याला माहीत होतं: चाळीच्या समोर, आईच्या गॅलरीतून नेमका दिसेल असा. तो "बघू" म्हणाला. लालबाग-काळाचौकीत 'बघू' म्हणजे होकार.

बॅनर शर्यतीच्या आधीच्या गुरुवारी लागला. फोटोची पंचाईत झाली होती, कारण जयवंतचा एकटा फोटो फक्त पुतण्याच्या लग्नातला, फेटा बांधलेला. बॅनर करणाऱ्या विनीतने तो फेट्यासकट उचलून कुठल्याशा परदेशी धावपटूच्या धडावर बसवला. खाली छापलं होतं: आपल्या विभागाचे भूषण श्री. जयवंत घाडीगावकर यांनी दहा किलोमीटर अंतर अवघ्या एकोणसाठ मिनिटांत पार केल्याबद्दल हार्दिक अभिनंदन. सीमाला आकड्यापेक्षा त्या उघड्या मांड्यांचा जास्त त्रास झाला. तीन दिवस जयवंतला जाता-येता लोक अभिनंदन करत होते. अजून व्हायचंय, असं तो सांगे, आणि लोकांना तो विनय वाटे. एका माणसाने तर एवढं नम्र राहणं बरं नव्हे म्हणून त्याची कानउघाडणी केली.

शेवंतीबाईंनी बॅनर सुनेकडून वाचून घेतला. एकोणसाठ मिनिटं म्हणजे लवकर की उशीर, ते विचारलं. सीमा म्हणाली, लवकर. शेवंतीबाईंनी पुन्हा एकदा त्या फेट्याकडे निरखून बघितलं आणि सांगितलं, "मगे तो आमचो जयवंत न्हय."

जयवंत आत भात कालवत बसला होता. त्याचा हात थांबला. आता प्रितीचा तास राहिला बाजूला, नगरसेवकही राहिला बाजूला. हे एकोणसाठ मिनिटांचं काम त्याच्यात आणि आईत उरलं.

शर्यतीला पुढच्या गटात उभं राहायचं तर आधीच्या एखाद्या शर्यतीच्या टाइमचं सर्टिफिकेट लागतं. जयवंतने विचारलं, पहिल्यांदाच पळणाऱ्याने ते कुठून आणायचं? काउंटरवरचा मुलगा म्हणाला, आधीच्या शर्यतीतून. जयवंतने शाळेतलं शंभर मीटरचं उत्तेजनार्थ प्रमाणपत्र बरोबर नेलं होतं. त्या मुलाने ते दोन्ही हातांनी धरून कुतूहलाने वाचलं आणि परत केलं. तेव्हा जयवंत सर्वांत शेवटच्या गटात गेला, जो सकाळी सातला सुटणार होता. त्या गटात गप्पा मारत चालणारे होते, फलक धरलेले होते, आणि कसल्याशा ज्यूसच्या जाहिरातीसाठी केळ्याचा पोशाख घातलेला एक मनुष्य होता. आपण केळ्याच्या शेजारी उभे आहोत हे जयवंतने शक्य तेवढं मनावर घेतलं नाही.

सात वाजले आणि तो सुटला. पहिली काही मिनिटं सेल्फी काढणाऱ्यांना वळसे घालण्यात गेली, पण दादर टीटीपाशी रस्ता मोकळा झाला आणि जयवंतला पाय सापडले. हवेत गारवा होता. हिंदमाता गेलं, परळ गेलं, आणि आपण सारखे माणसांना मागे टाकतोय हे त्याच्या लक्षात आलं. आयुष्यात त्याने कोणाला मागे टाकलं नव्हतं, त्यामुळे सुरुवातीला तो प्रत्येकाला सॉरी म्हणत होता. भारतमाता जवळ आलं तेव्हा त्याने घड्याळ बघितलं. अर्धं अंतर, अर्धा तास, जरासा आधीच. एकोणसाठ जमत होतं.

त्याच वेळी ढोल-ताशा ऐकू आला. कोणाचं तरी स्वागत चाललेलं दिसतंय, असं त्याला वाटलं. मग त्याला पुढे, रस्त्याच्या मधोमध, दोन्ही हात पसरून उभा असलेला हितेंद्र दिसला. त्याच्या मागे हातात औक्षणाची ताटं घेतलेल्या पाच बायका, त्यांच्या मागे पथक. पळणाऱ्या माणसाला कोणी थांबवत नाही, या भरवशावर जयवंतने पळणं सुरू केलं होतं. हितेंद्रने रात्री बसून हिशेब केला होता की एकोणसाठ मिनिटांच्या चालीने दादा बरोबर साडेसातला नाक्यावर येणार, आणि त्यांना ओवाळल्याशिवाय पुढे जाऊ द्यायचं म्हणजे काळाचौकीची शोभा.

जयवंतने ठरवलं, थांबायचं नाही. हात वर करायचा, हसायचं आणि डाव्या बाजूने निघून जायचं. त्याने डावीकडे वळण घेतलं, आणि डावीकडे, फुटपाथच्या कडेला, मंडळाच्या लाल प्लास्टिकच्या खुर्चीत त्याची आई बसली होती.

ठेवणीतलं लुगडं नेसली होती. खुर्चीला चार बाजूंनी दोरीने बांबू बांधलेले होते आणि चार पोरं दम खात शेजारी उभी होती. जयवंतचे पाय आपोआप थांबले. तिला उचलून आणलं होतं. तिने उचलू दिलं होतं. रात्री तिने स्वतः हितेंद्रला वर बोलावून घेतलं आणि खुर्ची आण म्हणून सांगितलं, हे त्याला नंतर कळलं. पण त्या क्षणी कळायचं ते सगळं त्याला कळलं.

सीमाने ताट आधी सासूच्या हातात दिलं. विधवेने ओवाळावं का, असा प्रश्न कोणाच्या ओठांवर आला असेलच, तर सीमाच्या चेहऱ्याकडे बघून तो तिथेच राहिला. पण निरांजन काही पेटेना. लालबागच्या पुलाखाली वारा. काडी पेटायची, वातीपर्यंत पोचायची आणि विझायची. एकाने मोबाइलचा टॉर्च पुढे केला, त्याच्याकडे शेवंतीबाईंनी बघितलंसुद्धा नाही. शेवटी ढोलवाल्यांनी कडं केलं, सीमाने पदराचा आडोसा धरला, आणि ज्योत उभी राहिली. कुंकू, अक्षता, सुपारी, अंगठी, सगळं सावकाश आणि रीतसर. शेवंतीबाईंनी एकही फेरा चुकवला नाही. मग तिळाचा लाडू त्याच्या तोंडात अख्खा घातला. साखर असलेल्या, अर्धं अंतर उरलेल्या माणसाच्या. त्यांच्यानंतर पाचही जणींचं ओवाळणं झालं, कारण एकीचं घेतलं आणि दुसरीचं नाही असं काळाचौकीत करता येत नाही. हितेंद्रने फोटो घेतला, कोणाचे तरी डोळे मिटले म्हणून परत घेतला. शर्यतीच्या लोकांतली एक मुलगी शिट्टी वाजवत धावत आली, तिला हळदीकुंकू लावून हातात तिळगूळ दिला, तेव्हा तीही गप्प उभी राहिली.

बाजूने माणसं जात होती. ज्यांना ज्यांना जयवंत सॉरी म्हणाला होता ते सगळे गेले. केळं गेलं. जयवंतने एकदा घड्याळ बघितलं, आणि आईची नजर आपल्या मनगटावर आहे हे दिसताच हात मागे घेतला. त्यानंतर त्याने घड्याळ बघितलं नाही. आईच्या हातावर ऊन पडलं होतं. दोन वर्षांत तिच्या अंगावर रस्त्यावरचं ऊन पडलं नव्हतं, आणि त्याला तिथून हलावंसं वाटेना.

तो वाकून पाया पडला. उठताना गुडघे उठेनात, तेव्हा दोन पोरांनी काखेत धरून उभा केला. शेवंतीबाईंनी ताटातला नारळ त्याच्या हातात ठेवला.

"जा आता. पळ."

नारळ घेऊन पाच किलोमीटर पळण्याबद्दल कोणी सल्ला दिलेला नव्हता. आईने दिलेला नारळ खाली ठेवता येत नाही, कोणाच्या हातात देता येत नाही, आणि बनियनमध्ये घातला तर माणूस आजारी दिसतो. जयवंतने तो कधी या हातात, कधी त्या हातात घेतला. पाण्याच्या टेबलावर ग्लास कुठल्या हाताने धरायचा हा प्रश्न आला तेव्हा तो पाणी न पिताच पुढे गेला. केळ्याला त्याने दादरला परत गाठलं. शेवटच्या रेषेपाशी प्रिती गळ्यात पदक घालून उभी होती, तिने विचारलं, "सर, टायमिंग?" जयवंतच्या घशाला कोरड पडली होती. त्याने तिला नारळ दाखवला आणि खाली बसला. मोबाइलवर निकाल आला होता: एक तास चौदा मिनिटं.

दुपारी मंडळाच्या कार्यालयात तातडीची मीटिंग झाली. बॅनर तर बदलता येत नव्हता, तेव्हा बॅनरला जुळेल असा हिशेब काढायचं ठरलं. औक्षणाचा व्हिडिओ तपासला, तो अकरा मिनिटांचा निघाला. ती वजा. उरले एक तास तीन. मग नारळाची चार मिनिटं धरा, असं विनीतने सुचवलं. एकाने नारळ हातात घेऊन वजनाचा अंदाज घेतला आणि चार रास्त आहेत असं मत दिलं. हितेंद्रने टेबलावर हात मारला, एकोणसाठ आले. गुरवकाका एकटे खऱ्या निकालावर खूश होते. चौदा मिनिटं जास्त पळला, ती का लपवता, असं ते पुन्हा पुन्हा म्हणत होते.

शेवंतीबाई सकाळपासून वर गेलेल्या नव्हत्या. एकदा उतरलंयच, तर घाई कसली, असं त्यांनी पोरांना सांगितलं आणि खुर्ची गंगुबाईच्या दारात ठेवायला लावली. दोघी म्हाताऱ्या दिवसभर बोलत बसल्या होत्या. संध्याकाळी मांडवात पहिल्या रांगेत दोन्ही खुर्च्या शेजारी शेजारी लागल्या.

नगरसेवक आले, हार झाले, निवेदकाने एकोणसाठ मिनिटांचा उल्लेख तीनदा केला, आणि जयवंतच्या हातात माइक आला. त्याने दोन शब्द बोलावेत असं ठरलं होतं. त्याने समोर बघितलं, वर बॅनरकडे बघितलं.

"बॅनरवरचा आकडा बरोबर नाही," तो म्हणाला. "मला एक तास चौदा मिनिटं लागली."

हितेंद्र धावत पुढे आला आणि औक्षणाची अकरा मिनिटं, नारळाची चार, असं काही सांगू लागला. जयवंतने माइक तोंडाशीच धरला होता.

"अकरा मिनिटं वजा करायची नाहीत," तो म्हणाला. "ती माझी आहेत."

पहिल्या रांगेत शेवंतीबाईंनी गंगुबाईला विचारलं, तो काय म्हणतोय. गंगुबाईने त्यांच्या कानाशी तोंड नेऊन सांगितलं, उशीर झाला म्हणतो. कानाने कमी असलेल्या माणसांचा आवाज मोठा असतो. शेवंतीबाई जे बोलल्या ते मागच्या खुर्च्यांपर्यंत गेलं.

"खोटा बोलता. माका ह्या पोरांनी साडेसात सांगितल्यानी. साडेसाताक तो माझ्यासमोर उभो होतो. जल्मात पयल्यांदा वेळार इलो माझो झील, आणि त्याकाच ठाऊक नाय."

नगरसेवकांनी चष्मा काढून पुसला. जयवंत माइक हातात घेऊन तसाच उभा राहिला आणि लहान मुलासारखा रडला, सगळ्यांसमोर, आणि त्याला त्याची लाज वाटली नाही.

कार्यक्रम आटोपल्यावर पोरांनी शेवंतीबाईंची खुर्ची उचलली. जयवंतने एक बांबू स्वतः खांद्यावर घेतला, पाय दुखत होते तरी. पहिल्या वळणावर त्याने भीत भीत विचारलं, आये, तू तर एकदाच म्हणत होतीस. शेवंतीबाई खुर्चीचे हात घट्ट धरून बसल्या होत्या.

"सवय करून घेतंय," त्या म्हणाल्या, आणि पुढच्या रविवारी देवळात जायचंय म्हणून सांगितलं.

सोमवारी सकाळी बॅनर होता तिथेच होता, फक्त त्यावर कागदाची एक पट्टी चिकटवलेली होती. काना-मात्रा बदलायची नाही हा नियम हितेंद्रला माहीत होता, पण नियम मजकुराचा होता, पट्टीचा नव्हता. आता तिथे लिहिलं होतं की श्री. जयवंत घाडीगावकर यांनी दहा किलोमीटर अंतर बरोब्बर साडेसात वाजता पार केल्याबद्दल हार्दिक अभिनंदन. परके लोक थांबून दोनदा वाचत आणि मान हलवून पुढे जात. काळाचौकीत कोणाला ते समजावून सांगावं लागलं नाही.

कचेरीत प्रिती टेबलाशी येऊन उभी राहिली. काल राहूनच गेलं सर, ती म्हणाली, टायमिंग काय झालं?

"साडेसात," जयवंत म्हणाला.

प्रिती पुढचं ऐकायला थांबली. जयवंतने खणातून डबा काढला आणि उघडून तिच्यापुढे धरला. सीमाने त्या नारळाच्या वड्या केल्या होत्या. प्रितीने एक घेतली, आणि मग डॉक्टरांची आठवण बाजूला ठेवून जयवंतनेही एक घेतली.